'लर्न' या शब्दाचं मूळ

नांदुऱ्याहून वडनेरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय पन्नाशीचं, पायाशी वांग्यांची पिशवी, मांडीवर दहावीचं इंग्रजीचं पुस्तक. प्रत्येक शब्दाखालून ती बोट सरकवायची आणि अडली की ओठ घट्ट मिटायची. इंग्रजीत दोनदा नापास झाली होती, उद्या पुन्हा पेपर होता.

मी इंग्रजी शिकवतो हे कळल्यावर ती म्हणाली, "सर, लर्न म्हणजे शिकणं, थे पाठ हाय मले. पण हा शब्द आला कुठून?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "फार जुना शब्द आहे, ताई. त्याचं मूळ शेतातल्या तासाशी जोडतात, नांगरानं पडलेल्या रेघेशी. ती धरून मागोमाग जायचं, म्हणजे शिकायचं."

ती मोठ्यानं हसली. "मंग थे तं मी जलमभर करून राह्यली! अन् एक तास वाकडा गेला म्हून कोनी वावर सोडते काय, सर?"

वडनेरला ती उतरली. तिचा निकाल मला कधी कळला नाही. पण ती पास झाली असेल का, अशी शंकाही मला कधी आली नाही.