घट्ट झाकणाची गाडी

पेठची सातची एसटी सुटून तासभर झाला, तेव्हा कुठे आम्ही सातपूरच्या घरून निघालो. माझी धाकटी बहीण नंदा आदल्या दिवसापासून म्हणत होती, "दादा, मी बसनेच जाते रे." पेठच्या पुढच्या एका आश्रमशाळेत (आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत) शिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, बरोबर अकराला. डी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं. पण मी हट्टाला पेटलो होतो. "एसटीत साडी चुरगळेल. दोन तासांत पोचवतो की मी!" खरं कारण निराळं होतं. माझी जुनी मोटारसायकल मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली होती आणि ते मला मिरवायचं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून गाडी घेतली, तेव्हा ती म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि सिग्नलला थांबली की बंदच पडायची. मेकॅनिककडे न्यायचं सोडून मी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरलं आणि तिथेच ती खोलली. या कामात मी अगदीच नवशिका. कार्बोरेटर धुवायला आईची परात घेतली, त्यावरून आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. प्लग पॉलिश पेपरने घासला. टाकीच्या झाकणातून पेट्रोल पाझरायचं, तिथे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्यात माझं कामच व्हॉल्व्ह तपासायचं. पाण्यात धरून एक जरी बुडबुडा आला, तरी पीस रिजेक्ट. सायकलच्या ट्यूबचं रबर गोल कापून मी झाकणाच्या आत असं काही बसवलं, की थेंब बाहेर येईना. मग तीन दिवस सातपूरच्या गल्ल्यांतून पाच-पाच मिनिटांच्या चकरा मारल्या. गाडी झकास चालली.

पेठ रोडला लागलो तेव्हा बोचरी थंडी होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. रामशेजचा किल्ला मागे पडला आणि गाडीने दोन गचके देऊन मान टाकली. पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून पाहिलं, तर टाकी निम्म्याहून जास्त भरलेली. प्लग काढून पुसला, किक मारली. गाडी सुरू!

"प्लग होता," मी ऐटीत सांगितलं. नंदा पदर खोचून मागे बसली.

सावलघाटाच्या पायथ्याशी तोच प्रकार. पुन्हा झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, या वेळी कार्बोरेटरही खोलला. रस्त्याकडेला बसून त्यातलं जेटचं बारीक भोक फुंकताना हात कोपरापर्यंत काळे झाले. किक मारली, गाडी सुरू. "कचरा होता," मी म्हणालो, पण आता आवाजात तो जोर नव्हता. पावणेदहा होऊन गेले होते.

अर्धा घाट चढलो आणि तिसऱ्यांदा बंद. पेट्रोल दोनदा पाहिलेलं, म्हणून या खेपेला झाकणाला हातच लावला नाही. प्लग घासला, वायर हलवली, किक मारून मारून पोटरी भरून आली. तेवढ्यात खालून एक वडापची (प्रवासी भरून नेणारी) जीप आली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"एक शीट हाय ताई. पेठला सोडतो. लवकर बोला, लोड हाय गाडीत."

नंदाने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पाच मिनिटं," मी घाईघाईने म्हणालो, "आता सापडलंच म्हणून समज."

"जा तुम्ही," ती ड्रायव्हरला म्हणाली.

जीप वळणाआड गेली. एवढा उशीर होत असूनही मला मनातून बरंच वाटलं. निदान बहिणीचा तरी आपल्या कामावर विश्वास आहे, असं वाटलं.

पाचाची पंचवीस मिनिटं झाली. शेवटी आम्ही दोघांनी गाडी ढकलत वरच्या वळणावरच्या चहाच्या झापापर्यंत (गवताने शाकारलेल्या झोपडीपर्यंत) नेली. मला धाप लागली होती. नंदाच्या साडीच्या निऱ्या धुळीने भरल्या होत्या. झापातली बाई तेलाच्या नव्या डब्यावर खिळा ठोकत बसली होती. प्लग पेट्रोलने धुवावा म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं, तशी आतून मोठ्याने फुस्स झालं.

बाईने मान वर केली. "दादा, टाकीत वारा जात नाय काय?"

"वारा कशाला जाईल? पक्कं पॅक केलंय मी."

"मंग पेट्रोल पडंल कसं?" तिने डब्यावर दुसरं भोक पाडलं आणि तो कढईत तिरका केला. तेलाची धार सरळ लागली. "एका भोकानं तेल पडतं काय कधी? एकातून वारा आत जाया लागतो, तवा दुसऱ्यातून तेल येतं."

मी झाकणातलं रबर उपसून काढलं. खाली सुईच्या टोकाएवढं भोक होतं, मुद्दाम ठेवलेलं. मी ते बुजवलं होतं आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. गाडी दोनदा सुरू झाली ती माझ्या करामतीने नव्हे, तर मी झाकण उघडलं होतं म्हणून.

पहिल्या किकला इंजिन सुरू झालं. बाईने नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरसणीची (कारळ्याची) चटणी पुढे केली. नंदाने उभ्यानेच एक घास तोंडात टाकला. अकराला वीस मिनिटं कमी होती.

करंजाळी गेली, कोटंबीचा घाट गेला. मी गाडी मरणाची हाणत होतो. नंदाने मागून दोनदा खांद्यावर हात ठेवून मला आवरलं. शाळेत पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि मुलं ताटं घेऊन जेवणाच्या रांगेत उभी होती.

मुख्याध्यापक भला माणूस होता. मी झाकणाची सगळी कथा सांगितली, ती त्यांनी ऐकूनही घेतली. "तुमचं खरं असेल हो," ते म्हणाले, "पण साडेअकरापर्यंत वाट पाहिली. निवड झाली, साहेब लोक गेले."

"सर, माझा अर्ज तरी ठेवून घ्याल?" नंदाने विचारलं. त्यांनी अर्ज घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही अडली नाही. इतकी सुरेख चालली, की मला तिची लाज वाटायला लागली. सावलघाट उतरताना न राहवून मी म्हणालो, "जीपमध्ये बसायचं होतंस नंदा. माझ्या गाडीवर कशाला भरवसा ठेवलास?"

"गाडीवर कुठला भरवसा?" ती मागून म्हणाली. "ती पोचणार नाही, हे मला रामशेजलाच कळलं होतं."

"मग?"

"काळे हात घेऊन तू एकटाच घाटात उभा राहणार होतास. तुझं तोंड बघवलं नाही मला."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि धूळ गेली म्हणून डोळे पुसले.

आई दारातच उभी होती. नंदाने सुरुवात केली, "अगं, जागा आधीच भरलेली..."

"खोटं सांगतेय ती," मी मध्येच म्हणालो. "जागा माझ्यामुळे गेली."

चार महिन्यांनी नंदाला दुसरं बोलावणं आलं. त्या दिवशी मीही तिच्याबरोबर सिटी बसने सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) गेलो, तिला खिडकीपाशी जागा धरून दिली आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.