चुन्याच्या रानात दम लागला तेव्हा

त्या चैत्रात मला कोणी विचारले असते की तुझी देवीवर श्रद्धा आहे का, तर मी नेहमीप्रमाणे नुसती हसले असते. प्रश्नांची उत्तरे मनातल्या मनात द्यायची मला सवय आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे आरतीच्या वेळी मी ओठ हलवायचे आणि इतरांचे चेहरे बघत राहायचे. सिकलसेल हा रक्ताचा आजार मला लहानपणापासून आहे. सांध्यांच्या कळा, सलाईन, रोजच्या गोळ्या, यांच्याशी माझे जमून गेले होते. पण त्या वर्षी काहीतरी वेगळे सुरू झाले. मुरुमच्या आमच्या घराचा जिना चढताना मध्येच थांबावे लागायचे. संध्याकाळी चपलांचे पट्टे पायांत रुतलेले दिसायचे. घरात सगळे म्हणायचे, रक्त कमी झालेय, खजूर खा. उमरग्याच्या डॉक्टरांनी मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ छाती तपासली. म्हणाले, "या आजारात हृदयाला वर्षानुवर्षं जादा काम पडतं. हृदयाचा इको करून घ्या, टाळू नका. पाणी पीत राहा, आणि उन्हात फिरू नका."

इकोची मला भीती वाटत होती. आईला तर त्याहून जास्त वाटत होती. हा आजार आई आणि वडील दोघांकडून मुलाकडे येतो, असे एका डॉक्टरांनी पूर्वी समजावले होते. बाबांनी ते ऐकले आणि सोडून दिले. आईने मात्र त्यातला फक्त स्वतःचा अर्धा हिस्सा उचलला आणि तो कधी खाली ठेवलाच नाही. मुलीच्या हृदयात काही निघू नये, म्हणून ती येरमाळ्याच्या येडाई देवीला नवस बोलून बसली. पोर अनवाणी येईल, पालखी येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, आपल्या हाताने चुना वेचेल. इको त्यानंतर.

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून चुन्याच्या रानात येते. लोक तिथले चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर टाकतात आणि त्याच चुन्याने पुढे देवळाला रंग लागतो. डॉक्टरांच्या पाण्याबद्दलच्या बोलण्याची मी आईला एकदा आठवण करून दिली. "एक दिसानं काय होतंय? देवीचं काम हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मी चपला काढून ठेवल्या.

रानात पाय टेकायला जागा नव्हती. ऊन पांढऱ्या मातीवरून परत डोळ्यांत येत होते. "आई राजा उदो उदो"च्या गजरात मी वाकून खडे वेचू लागले आणि वाकल्यावर मला सरळ होताच येईना. श्वास गळ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच परत जायचा. छातीत कळ उठली. मी तिथेच मातीत बसले.

"ऊठ गं बाय, पालखी दिसायलीय," आई म्हणाली.

"बसू दे की तिला!" मागून कोणीतरी खेकसले. कपाळभर कुंकू लावलेल्या, कमरेवर पाण्याचा कॅन घेतलेल्या एक थोराड बाई होत्या. "ओठ बघ तिचे, जांभळागत झालेत. पाणी पाज."

"नवस हाय मावशी. पालखी येईस्तोवर पाणी चालत न्हाय."

"नवस कोण बोललं?"

"मी."

"मग तू ऱ्हा की उपाशी! बोलायचं आईनं आन् सुकायचं पोरीनं, ह्यो कुठला इन्साफ?"

आई एकदम रडू लागली. "तिला हे दुखणं माझ्याकडनंच आलंय, मावशी."

बाईंनी कॅन खाली टेकवला. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीला माझ्याकडनं हे असलं नाक आलंय. म्हणून काय मी तोंड झाकून बसू? येडाई आईच हाय न्हवं? तिला कळत न्हाय व्हय?"

मला त्याही अवस्थेत हसू आले आणि हसता हसता ठसका लागला. बाईंनी कॅन पुढे केला. मी आईकडे बघितले. तिने पदराने डोळे पुसले, तो कॅन बाईंच्या हातातून घेतला आणि स्वतःच माझ्या तोंडाला लावला. पालखी अजून आमच्यापर्यंत आली नव्हती.

मग त्या दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरून गर्दीतून आरोग्य विभागाच्या तंबूकडे नेले. "वाट द्या, वाट द्या, पोरगी आजारी हाय!" बाई ओरडत होत्या. कोणी माझ्याकडे टक लावून बघितले तरी मी अंग चोरते, आणि त्या दिवशी सगळे रान माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच मला त्याचे काही वाटले नाही. तंबूतल्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि लगेच ऑक्सिजन सुरू करून रुग्णवाहिका मागवली. बाई रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत आल्या. "तुमच्यापायी माझी परंड्याची गाडी हुकली," असे पुटपुटत त्यांनी आईची पिशवी आत सरकवली. त्यांचे नाव विचारायचे आम्हा दोघींच्याही लक्षात आले नाही.

धाराशिवच्या दवाखान्यात ऑक्सिजन, रक्त, इंजेक्शने सुरू झाली. छातीत संसर्ग सुरू झाला होता, आणखी उशीर झाला असता तर अवघड होते, असे डॉक्टर म्हणाले. जरा बरे वाटल्यावर इको झाला. अंधाऱ्या खोलीत कुशीवर झोपवून त्यांनी छातीवर गार जेल लावले आणि यंत्रातून माझ्याच हृदयाचा आवाज येऊ लागला, कोणीतरी घाईघाईने कपडे आपटत असल्यासारखा. मी ऐकत पडून राहिले. हे इतकी वर्षे माझ्यासाठी राबत होते आणि मी त्याला एकदाही राब म्हटले नव्हते. मग ते कोणाच्या सांगण्यावरून चालले होते? मला एकही स्तोत्र येत नव्हते. मी फक्त अंग सैल सोडले.

इकोत काहीच निघाले नाही, असे झाले नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला होता आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागत होता. पण ते वेळेत कळले. पुढच्या तपासण्या सोलापुरात झाल्या, औषधे बदलली. आता जिना मी हळू, पण न थांबता चढते. गेल्या तपासणीत दाब आणखी वाढलेला नव्हता.

शेजारच्या बायका म्हणतात, ती देवीच होती. देवीने परंड्याच्या गाडीसाठी एवढी कुरकुर केली असती का, असे मला वाटते. आणि मग वाटते, का नाही?

दर तपासणीच्या आदल्या दिवशी आई देव्हाऱ्यापुढे बसते, आणि आता मीही तिच्या शेजारी बसते. काही निघू नये, असे आम्ही मागत नाही. जे असेल ते दिसू दे आणि तेव्हा सोबत कोणीतरी असू दे, एवढेच म्हणतो. मग आई उठून माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणते आणि मी ते सगळे पिईपर्यंत समोरून हलत नाही.