माझ्या हातची पट्टी

चहा बशीत ओतून, उभ्यानंच. भाकरीचा पहिला तुकडा दारातल्या कुत्र्याला. चिखलात उतरण्याआधी मोबाईल बायकोच्या ओटीत. आणि दुकानदारानं औषधाची पट्टी दिली की आधी ती उलटी करून छापलेला नंबर वाचायचा. "ही माझ्या हातची."

संघपालच्या या सवयी दीपमालाला, त्याच्या बायकोला, पाठ होत्या. मार्गासनीहून तो सारोळ्याकडच्या एका औषध कारखान्यात जायचा. पट्ट्यांवर नंबर आणि किंमत छापणारं मशीन त्याच्याकडं होतं. तिथली फेपऱ्यावरची गोळी त्यालाही रोज लागायची. पण सुटताना गेटवर झडती. गोळी नसरापूरच्या दुकानातूनच विकत घ्यावी लागे.

उन्हाळ्यात साहेबांनी मशीनवर नवा आकडा बसवायला सांगितला. किंमत जवळजवळ दुप्पट. आकडा संघपालनंच बसवला.

"दिपे, गोळीपरास पाकीट महाग," घरी येऊन तो म्हणाला. "मिस्त्री सांगतो, बनवायला रुपयाबी लागत न्हाई."

"मग दुकानदार एवढं कशाचं घेतो?"

"म्या छापलेलं घेतो."

गोळीत औषध चिमूटभर, बाकी पीठच, हेही मिस्त्रीनंच सांगितलेलं. दुसऱ्या दिवसापासून संघपाल ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे करू लागला.

"अवो, डॉक्टरीणबाईंनी सबंध घ्यायला सांगितलीया."

"त्यांनी दुकानातली गोळी बघितलीया. म्या तिचं पीठ बघतो. असल्या स्वस्तातल्या गोळीचं अर्धं काय आन् सबंध काय!"

"मग तुमाला भाकरीबी अर्धीच वाढते."

तो लई हसला. महिनाभर काहीच झालं नाही. दीपमालालाही वाटू लागलं, कारखान्यातल्या माणसाला आपल्याहून जास्त कळतं.

भातलावणीच्या दिवसांत सुट्टी काढून तो खाचरात उतरला. "तू भाकरी घिऊन ये, तवर म्या हे उरकतो," म्हणाला. मोबाईल तिच्या ओटीत टाकला.

ती परतली तेव्हा तो पालथा पडलेला होता. पाणी घोट्याएवढंच होतं. तोंड त्यातच होतं. तिनं ओढून बांधावर घेतला, हाका मारल्या. मोबाईल ओटीतच होता, हे तिला फार उशिरा आठवलं.

"गोळी चालू होती ना?" वेल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. मग पदरानं हातावरचा चिखल पुसला. "अर्धी."

भावकीनं खाचर लावून देतो म्हटलं. तिनं नको म्हटलं. लावणी मागं मागं सरकत करतात. संघपालच्या ओळी वरच्या बांधापासून निघाल्या आहेत, सरळ, हिरव्या. मधेच थांबल्या आहेत. त्यापुढं नुसतं पाणी, आणि त्यात पिवळी पडत चाललेली रोपांची एक जुडी, बंद न सुटलेली.