बाबूंचा लाल पेन

आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या ऑफिसातले बाबू म्हणजे इंग्रजीचे फौजदार. कागद हातात आला की आधी लाल पेन उघडतात. मुलींच्या वसतिगृहात पाणी द्या, हे आम्हा विद्यार्थ्यांचं इंग्रजी निवेदन त्यांनी तीनदा परत केलं.

"बिकॉजनं वाक्य सुरू होत नसते, लेका."

"कावून?"

"मास्तरनं छडी मारून सांगतलं मले."

असा नियमच नाही, हे मी पुस्तकात पाहिलं आणि बाबूंविरुद्ध पत्रक छापलं. त्यांनी तेही तपासून दिलं.

मग आम्ही धरणं धरलं. पुढे बसलेल्या, लांब धारणीहून शिकायला आलेल्या चार मुलींना वसतिगृहातून काढायची नोटीस प्राचार्यांनी इंग्रजीत काढली. परीक्षा चार दिवसांवर होती. नोटीस फलकावर लावायचं काम बाबूंचं. त्यांनी ती लाल करून साहेबांकडे परत धाडली, सुरुवात 'बट'नं होती म्हणून. सुधारून आलेलीही लाल झाली.

ही संधी मी सोडतो होय? पुस्तक घेऊन धावलो. "काका, 'बट'नं वाक्य चालते! हे पाहा, छापलं आहे."

बाबूंनी पुस्तक काढून घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुलूप लावलं.

"पोरीयचे पेपर होऊ दे पहिले. मंग सांगजो साहेबाले."