दाराबाहेरच्या चपला

शाळा पारखायची तर फळा बघू नये, दाराबाहेरच्या चपला बघाव्यात, हे माझं शास्त्र. पोरीला पहिलीत घालायचं होतं, म्हणून तिला स्कूटरवर बसवून जिल्हा परिषदेच्या तीन शाळा पालथ्या घातल्या. मळवलीकडं चपलांचा डोंगर, आणि आतला दंगा पार रेल्वे फाटकापर्यंत. कार्ल्याकडं चपला कवायतीला उभ्या. गुरुजींना बघून मीच पोट आत घेतलं. तिसरी शाळा धरणामागच्या वस्तीवर, धुक्यात. दारात पन्नासेक जोड, सगळे ओले. आत मात्र बाई आणि चार पोरं.

"बाकीची कुटं गेली, बाई?"

"बसलीत की," बाई फळ्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

तोवर पोरगी चपला काढून आत गेली होती. रिकाम्या सतरंजीपाशी थांबून म्हणाली, "पप्पा, ह्यांना सरकायला सांगा ना."

मी तिला तशीच अनवाणी उचलली आणि मळवलीच्या दंग्यात नेऊन घातली. चपला आणायला काही गेलो नाही.

पोरगी आता चौथीत आहे. परवा त्या शाळेवरून जाणं झालं. तिच्या चपला अजून रांगेतच आहेत. फक्त आता तिच्या आजच्या मापाच्या झाल्यात.