विसळसाहेबांचा गिलास

विसळसाहेबांना चहाचा गिलास तीनदा विसळून लागायचा. दोन हजारनंतरची ती वर्षं. नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत आम्ही दोघं वेबसाइट सांभाळायचो. खालच्या टपरीवर साहेब गिलास उजेडात धरून म्हणायचे, "आणखी एकदा विसळ. दुसऱ्याचं उष्टं मला बिलकुल न्हाई चालत." म्हणून हे नाव. अर्थात पाठीमागे.

आणि हाच सोवळा माणूस कोडमधून गावाला उष्टं वाढायचा! दुकानदारानं साइटवर बियाणं मागितलं की सर्व्हरनं त्या मागणीपुरतं मागणी ठेवायला एक रिक्वेस्ट ऑब्जेक्ट आणि उत्तर ठेवायला एक रिस्पॉन्स ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतली दोन भांडीच, तयार करावं, उत्तर गेलं की दोन्ही टाकून द्यावीत, एवढा साधा रिवाज. पण टाकायचं म्हटलं की साहेबांच्या पोटात दुखायचं. "नवं नवं कशाला? आहे तेच वापरा, सर्व्हर जल्दी पळतो." बरं, वापरा, पण मधे रिकामं तरी करा! "साहेब, गिलास विसळता तसं हेही विसळा ना," मी एकदा म्हणाले. "तू नवीन आहेस, बघत राहा." माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

पेरणीच्या तोंडावर साइटवर एकदम गर्दी झाली आणि अंबडचा एक दुकानदार रिकामा टेम्पो घेऊन थेट ऑफिसात आला. "तुमच्या साइटनंच सांगितलं, कपाशीचं बियाणं तयार हाये, घेऊन जा. म्हणून आल्तो. अन् आता न्हाई म्हणता?" बियाणं तयार होतं ते टेंभुर्णीच्या दुकानदाराचं. त्याचं उत्तर ऑब्जेक्टमध्ये तसंच राहिलं आणि अंबडला गेलं.

मालकांनी विचारलं, चूक कोणाची? साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नव्या बाईंनी हात लावला असेल." लाज कशी वाटली नाही या माणसाला! मी कोड दाखवायला उठले, तर मालक म्हणाले, "ते मला कळत न्हाई. साहेब जुने आहेत. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी राहिलेलं सामान न्यायला गेले. साहेब खाली टपरीवर होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडी. ऑब्जेक्ट रिकामं करायची ओळ त्यात आता होती, आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत साहेबांची टीप : 'गिलास धुतला.'

आज माझ्या हाताखालच्यांचं कोड तपासताना माझ्याही तोंडून निघतं, "आणखी एकदा विसळ." कुणाकडून शिकलात, विचारतात. मी साहेबांचं नाव सांगते. शिकवलं त्यांनीच. फक्त विसळलेलं पाणी माझ्या अंगावर टाकलं.