रविवारचं कॉलेज

किस्से एकट्या माणसाकडे जास्त साठतात, असं माझं मत आहे. चार माणसांत राहणारा संध्याकाळी घरी जातो, दिवसभराचं सांगून टाकतो आणि मोकळा होतो. एकट्याचं आज सांगू, उद्या सांगू करत सगळं आतच राहतं. मग कधीतरी तुमच्यासारखं कुणी चहाला येऊन बसलं की सगळं एकदम बाहेर पडतं. तेव्हा आता बसलाच आहात, तर कप खाली ठेवून पळू नका!

जुने लोक अजून विचारतात, "मॅडम, त्या तुमच्या कॉम्प्युटरच्या डिग्रीचं काय झालं वो?" मी म्हणते, "राहिली." एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. तुम्हाला मात्र सगळं सांगते.

* * *

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी आरोग्य सहाय्यिका होते आणि आमचं केंद्र जालना जिल्ह्यात धावड्याच्या अलीकडच्या एका लहान गावात होतं. मुख्यालयी राहणं सक्तीचं होतं. हा नियम सगळ्या स्टाफला होता, पण पाळणारी मी एकटीच! पाचची बस आली की डॉक्टरसाहेबांपासून सिस्टरपर्यंत सगळे पसार. मागे क्वार्टरमध्ये मी, रेडिओ आणि ओट्यावर येऊन बसणारी शेजारची शेळी.

लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याचा किस्सा होत नाही, म्हणून सोडून देऊ.

अशात पेपरात एक जाहिरात दिसली. आरोग्य संवाद या विषयाची पदव्युत्तर पदवी, ऑनलाइन, नोकरी सांभाळून. बीए मी बाहेरून केलंच होतं. खरं सांगते, प्रमोशन वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'देशभरातल्या सहाध्यायांशी रोजचा संवाद.' ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि फॉर्म भरला.

परवानगीचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "खरात मॅडम, अख्ख्या तालुक्यात सगळ्यात कमी तुम्ही बोलता. अन् डिग्री संवादाची?"

सही केली मात्र लगेच.

बाहेर आमचे शिपाई काशीनाथमामा उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई, कालेज कुठं हाय?"

"कॉम्प्युटरात आहे, मामा."

"अन् कॉम्प्युटर?"

"जाफराबादला."

"मंग जायचं कसं?"

"बसनं."

मामांनी मान हलवली. "म्हंजे बराबर हाय. कालेज म्हनलं की यष्टी आलीच!"

* * *

जाफराबादला पडूळ सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सर स्वतः जालन्यात मस्तगडला टायपिंग शिकलेले. आठ जुनी मशीनं, भिंतीवर बोटांचा तक्ता आणि कोपऱ्यात नवीन घेतलेला एक कॉम्प्युटर. त्याला इंटरनेट होतं. म्हणजे दर रविवारी फोनच्या तारेतून थोडं किरकिरून, मनात आलं तर ते लागायचं.

मला टाइप करता येत नव्हतं. मी लेख हातानं लिहून न्यायची आणि सर टाइप करायचे. इंग्रजी, फुलस्केप चार-चार पानं. मान कागदाकडे, बोटं कीबोर्डवर, आणि एकही चूक नाही! पासवर्डसुद्धा त्यांनाच पाठ. त्यांच्या कॉम्प्युटरवर कॉलेजचं पान कायम माझ्या नावानं उघडं असायचं.

पहिल्याच लेखानंतर मी भीतभीत विचारलं, "सर, कसं वाटलं?"

"काय कसं वाटलं?"

"लेख. तुम्ही आत्ता टाइप केला तो."

सर म्हणाले, "मॅडम, मी अक्षरं वाचतो, मतलब वाचत न्हाई. मतलब वाचला की स्पीड पडते. आमच्या लाइनीत पहिला नियमच ह्यो हाय."

मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. एवढ्या जवळून माझं लिखाण बघणारा एकच माणूस, आणि तोही न वाचणारा!

* * *

आता त्या सहाध्यायांचं सांगते. सोमवारी एक विषय उघडायचा. प्रत्येकानं त्यावर लिहायचं आणि दुसऱ्यांच्या लेखांखाली उत्तरं द्यायची. सगळी मोठ्या शहरांतली मंडळी, घरी कॉम्प्युटर असलेली. शनिवारपर्यंत त्यांची चर्चा नुसती रंगायची. मी पोचायची रविवारी. वऱ्हाड जेवून गेल्यावर मांडवात शिरल्यासारखं!

तरी मी लिहायची. पहिल्या आठवड्यात स्वतःची ओळख लिहायची होती. माझं गाव, केंद्र, ओट्यावरची शेळी, सगळं लिहिलं. पुढच्या रविवारी धावत जाऊन पाहिलं. खाली लिहिलेलं, 'प्रतिसाद : शून्य.'

बसमध्ये मी स्वतःची समजूत काढली की शेळीचं लिहायला नको होतं. त्यानंतर शेळी वगळली. तरी शून्यच!

* * *

एक अभ्यास होता ऐकण्याचा. समोरच्या माणसाला तीन मिनिटं बोलू द्यायचं. मध्ये बोलायचं नाही, नजर हटवायची नाही, फक्त ऐकायचं. आता माणूस आणायचा कुठून? मी काशीनाथमामांना खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "मामा, बोला. मी ऐकते."

मामा गप्प. नियमाप्रमाणे मीही गप्प. त्यांच्याकडे एकटक बघत बसले. एक मिनिट गेलं. मामांनी टोपी काढली. दुसरं मिनिट गेलं. मामांना घाम फुटला. तिसऱ्या मिनिटाला ते ताडकन उठले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, कबूल हाय! परवा लसीच्या फ्रिजात मीच टरबूज ठिवलं व्हतं!"

नोकरीतल्या तीस वर्षांत त्यांना खुर्चीवर बसवून कुणी ऐकलं होतं ते फक्त चौकशीच्या वेळी. मी अभ्यासात हे सगळं लिहिलं. प्रतिसाद : शून्य.

* * *

पुढचा अभ्यास, 'स्थानिक माध्यमाचा वापर करा.' आमचं स्थानिक माध्यम म्हणजे कोतवालाची दवंडी. मी कोतवालाला नीट लिहून दिलं की रविवारी शाळेत पोलिओचा डोस आहे, पाच वर्षांच्या आतली लेकरं आणावीत. त्यानं चारदा म्हणून दाखवलं. बिलकुल बरोबर!

पण दवंडीचा शेवट त्याच्या तोंडात वर्षानुवर्षं बसलेला. गल्लोगल्ली तो माझा मजकूर म्हणायचा आणि सवयीनं पुढे ठोकून द्यायचा, "हजर न ऱ्हायल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल होऽऽ!"

रविवारी अख्खं गाव शाळेत! लेकरं तर आलीच, पण म्हातारे रेशनकार्ड घेऊन आले, शेतकरी सातबारा घेऊन आले. एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "माझा बी डोस द्या जल्दी. कोर्टाची भानगड नको ह्या वयात."

साहेब खूश झाले. माझ्या अभ्यासावर मात्र शिक्षकांनी लाल अक्षरांत शेरा मारला, 'श्रोत्यांना भीती दाखवू नये.' मी तो शेरा दोनदा वाचला. कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं, याचाच आनंद!

* * *

एका रविवारी पान उघडलं तर फुगे! लाल, निळे, पिवळे. वर लिहिलेलं, 'सुलभा, वाढदिवसाच्या शुभेच्छा! तुमचा शिक्षण-परिवार.'

मी म्हणाले, "सर, याची प्रिंट द्या." ती क्वार्टरच्या भिंतीवर चिकटवली.

काशीनाथमामांनी ती लांबून पाहिली आणि अदबीनं विचारलं, "ताई, नवीन जीआर हाय का?"

आता गंमत ऐका. कॉलेजच्या कागदांवर माझी जन्मतारीख होती एक जून. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी निम्म्या वर्गाला एक जूनच लावून टाकायचे. माझा खरा वाढदिवस आईला ठाऊक होता, 'पोळ्याच्या पुढं दोन दिसांनी.' आई गेली, तो तिच्याबरोबर गेला. म्हणजे मला शुभेच्छा दिल्या त्या एका मशीननं, त्याही खोट्या तारखेला! त्या संध्याकाळी शेळीला अर्धी भाकरी घातली आणि मी रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

* * *

आता शेवटचं. दोन वर्षं संपत आली. सगळे पेपर पास, उरला फक्त शेवटचा प्रकल्प. एक लेख लिहायचा, विषय तुमच्या कामातला. अट एकच होती की लेखावर निदान एका वाचकाचा प्रतिसाद आला पाहिजे. नाही आला तर प्रकल्प अपूर्ण आणि पदवी नाही.

बघा, दोन वर्षांत मला एक प्रतिसाद नाही, आणि आता पदवी त्याच एका प्रतिसादावर अडलेली!

मी लिहिलं टीबीच्या पेशंटवर. आमच्या केंद्रापुढे लिंबाचं झाड आहे. काही पेशंट रांगेत येत नाहीत, त्या झाडामागे थांबतात. रांग संपली की येतात, गोळी घेतात आणि मान खाली घालून जातात. गोळ्यांचा कोर्स सहा महिन्यांचा, पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, मग ते यायचे बंद होतात. मी लिहिलं, 'आम्ही त्यांना गोळी देतो, पण कुणी बस म्हणत नाही. सहा महिने असं चोरासारखं एकट्यानं कोण येईल? मीही अशीच एका खोलीत राहते, म्हणून मला ते झाडामागचं उभं राहणं कळतं.'

पडूळ सर टाइप करत होते. तिसऱ्या पानावर आवाज थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदाच!

मी विचारलं, "काय झालं, सर?"

"काय न्हाई. लाइट डिम हाय."

लाइट चांगला लख्ख होता. त्यांनी रुमालात खोकून घेतलं आणि पुढे टाइप केलं.

पुढच्या रविवारी मी पान उघडायला सांगितलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली लिहिलेलं, 'प्रतिसाद : एक.'

मी खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागले. अक्षरं इंग्रजी होती, पण भाषा आपली. 'ताई, तुमचं वाचलं. माझा बी तोच टीबीचा कोर्स होता. गोळ्या जालन्याहून आणत होतो, इथं कळू नये म्हणून. दोन महिन्यांनी सोडल्या. घरी कुणालाच सांगितलं न्हाई. आता परत खोकून राह्यलो. झाडामागचा माणूस तुम्ही बराबर लिहिला. मंगळवारी येतो.'

वर लिहिणाऱ्याचं नाव होतं, सुलभा खरात.

मी मान वळवली. पडूळ सर पाठ करून एका जुन्या मशीनची रिबन बदलत होते. दोन वर्षं ते मला मॅडम म्हणत आले होते.

म्हणाले, "मॅडम, आज काही टाइप करायचं हाय का?"

"नाही, सर."

मंगळवारी रांग संपली तेव्हा मी आतून खुर्ची आणली आणि लिंबाच्या झाडाखाली ठेवली. "बसा," म्हणाले. पडूळ सर बसले. मग मी दुसरी खुर्ची आणली. आम्ही बराच वेळ पावसापाण्याचं बोललो.

त्याच्या पुढच्या रविवारी पानावर कॉलेजचं पत्र आलेलं होतं. 'प्रतिसाद आपल्याच नावाने नोंदलेला आढळतो. प्रतिसाद देणाऱ्या वाचकाचे नाव व गाव तत्काळ कळवावे. अन्यथा प्रकल्प अपूर्ण समजण्यात येईल.'

मी पत्र वाचलं. जाफराबाद लहान गाव. इन्स्टिट्यूटला पोरींची सकाळची बॅच चालायची; टीबीचं नाव निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी एकही आली नसती. सरांच्या घरच्यांनाही अजून काही ठाऊक नव्हतं.

"सर, उत्तर टाइप करा," मी म्हणाले. "लिहा. प्रतिसाद मीच लिहिलेला आहे. दुसरा कोणी वाचक नाही."

सरांची बोटं कीबोर्डवर टेकली आणि तशीच राहिली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ताई, असं लिहिलं तर डिग्री जाईल."

मी म्हणाले, "सर, मतलब वाचू नका. स्पीड पडते."